साबुदाण्याचं मैदान

भाटकर बाई मैदानात आल्या की आधी चपला काढायच्या. कडेला, जोडीने, टाचा भिंतीला लावून. मग अनवाणी चालत मधल्या पट्टीपर्यंत जायच्या, पाय जुळवून उभ्या राहायच्या आणि छाती भरून श्वास घ्यायच्या. तो श्वास संपेपर्यंत पाय न उचलता उभं राहता आलं तर खेळ. मध्येच पाय उचलावा लागला, तर मुलींनी आल्या पावली घरी जायचं. पाय सोसतील तोवर खेळ, एवढाच त्यांचा नियम होता, आणि आगरवाडीच्या खो-खो मैदानावर तो सरपंचापासून पंचांपर्यंत सगळ्यांना लागू होता.

मी बाईंच्याच हाताखाली खेळले. तेव्हा मैदान तांबड्या मातीचं होतं. ऊन चढलं की माती तापायची, माती तापली की बाई पाय उचलायच्या आणि आम्ही सुटलो म्हणून बंदराकडे धूम ठोकायचो. त्या काळात आमच्यातल्या एकीलाही ऊन लागलं नाही. आसपासच्या गावांत दर वर्षी कुणी ना कुणी भोवळ येऊन पडायची, आमच्याकडे नाही. बाईंच्या पायांवर आमचा विश्वास होता आणि तो मुळीच अडाणीपणाचा नव्हता.

पुढे समुद्राचं पाणी भरतीला आत शिरायला लागलं, मैदानाचा चिखल व्हायला लागला आणि मातीवर प्लॅस्टिकचं गवत आलं. त्या गवतावर माझं पोट आहे. दापोलीपासून राजापूरपर्यंतची खोटी हिरवळ मी सांभाळते. गवतावर पोट भरणारी एक गाय आणि दुसरी स्वप्नाली, असं माझा नवरा म्हणतो. तो बोटीवर असतो आणि तिथून असले विनोद पाठवतो.

लोकांना वाटतं, खोट्या गवताला काय करायचंय? ना पाणी, ना कापणी. असं म्हणणाऱ्याला एक वर्ष माझ्याबरोबर फिरवायची माझी तयारी आहे. सुरूच्या झाडांच्या सुया गवतात शिरतात आणि पाणी निचरायची भोकं बुजवतात. भोकं बुजली की शेवाळ, शेवाळानंतर बुरशी. कडेने कुर्ल्या बिळं करतात आणि चादर उचलतात. पाती चेपून आडवी झाली की उलट्या दिशेने ब्रश मारून ती उभी करायची. खुंटाला धरून मुली गर्रकन वळतात, तिथला जोड हमखास उसवतो. तो चिकटवायला गोंद लागतो आणि गोंदाला कोरडी हवा. आमच्या किनाऱ्यावर सकाळी दंव, संध्याकाळी ओल. कोरडी म्हणावी अशी हवा फक्त भर दुपारी. त्यामुळे सगळं गाव भात जेवून आडवं होतं तेव्हा मी मैदानात पालथी पडलेली असते.

पण या गवताचा खरा रोग होता तो चटक्याचा. खरं गवत पानांतून पाणी सोडतं आणि गार राहतं. प्लॅस्टिकच्या पात्याला ती सोय नाही. पडेल तेवढं ऊन ते अंगात साठवतं. ऑक्टोबरच्या दुपारी आमच्या मैदानावर पाय ठेवणं आणि तव्यावर ठेवणं यात फारसा फरक नव्हता. दहापासून पाचपर्यंत मैदान बंद. मुली बूट घालून खेळायला लागल्या आणि बाईंना ते सहन होत नव्हतं. बूट घातलेल्या खो-खोला त्या कवायत म्हणायच्या.

मग इम्तियाज परकार आले. मूळचे आमच्याच बाजूचे, दापोलीजवळच्या हर्णैचे. शिकले बाहेर, पण परत येऊन दापोलीत प्रयोगशाळा काढली. त्यांनी एका पिशवीतून पांढरे मणी काढून माझ्या हातावर ठेवले. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसत होते, म्हणून त्यांचं नाव गावात साबुदाणाच पडलं.

"ताई, तुमच्या घरात मिठाला पाणी सुटतं ना?" त्यांनी विचारलं.

"कोकणात कुणाच्या घरात सुटत नाही?"

"तेच पकडलंय."

हवेतली ओल ओढून घेणारा एक क्षार त्यांनी स्पंजासारख्या मण्यांत कोंडला होता, आत आलेली ओल सांडणार नाही अशा बेताने. हे मणी गवताच्या पात्यांमध्ये, एरवी वाळू भरतो तिथे, भरायचे. रात्री हवा दमट असते तेव्हा ते पाणी पिऊन फुगतात. दिवसा ऊन पडलं की ते पाणी वाफ होऊन निघून जातं आणि जाताना गवतातली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार राहतं ते याच कारणाने. कोरड्या मुलखात या मण्यांना रात्रभर उपाशी राहावं लागेल, पण आमच्याकडे ओलीला तोटा नाही. आमच्या जन्माच्या वैऱ्याला परकारांनी कामाला लावलं होतं, आणि मला ती कल्पना फार आवडली. पाती उभी करून करून, मुठी मुठीने, सगळं मैदान मी माझ्या हाताने भरलं.

पहिल्या दिवशी बाई दुपारी एक वाजता आल्या. चपला काढल्या. पट्टीवर उभ्या राहिल्या. श्वास संपला. दुसरा घेतला, तोही संपला. मग त्या तिथेच उभ्या राहून लहान मुलीसारख्या हसल्या.

"स्वप्ने," त्या मला म्हणाल्या, "आता माझ्या पोरींना बूट नकोत."

त्या दिवसापासून आमच्या मैदानाचं नाव झालं. दुपारी, अनवाणी, भर उन्हात खो-खो. बघायला लोक यायला लागले. वर्षभरात विभागाची अंतिम फेरी आगरवाडीला मिळाली, तीही रविवारी दुपारी एक वाजता, कारण त्या वेळेला ती थेट दाखवणार होते आणि राज्याच्या संघाची निवड त्यावरच व्हायची होती. आमच्या संघाची कर्णधार माझी मुलगी स्पृहा. ती घरात जेवतानासुद्धा उकिडवी बसायला लागली होती.

अंतिम फेरीच्या आधीच्या आठवड्यात सरावात एक मुलगी कलंडली. उपाशी आली होती, असं सगळ्यांनी ठरवलं. दोन दिवसांनी दुसरी पडली. तिला नुकताच ताप येऊन गेला होता, तेव्हा तिचंही कारण मिळालं. लिंबूपाणी पाजलं, सावलीत निजवलं आणि सराव पुढे चालू राहिला.

गुरुवारी दुपारी खुंटाजवळचा जोड उसवलेला दिसला. मी नेहमीप्रमाणे पालथी पडून चादर उलटली, पट्टी साफ केली आणि गोंद लावला. हा गोंद ओलीला फार हळवा. कोरड्या हवेत मधासारखा बसतो, ओल मिळाली की फसफसतो. तो फसफसला. ऊन रणरणत होतं, ढगाचा मागमूस नव्हता आणि माझ्यासमोर गोंदाला फेस येत होता. मी नळी टाकली, नवी फोडली. तीही फेसाळली. तेव्हा मी त्याच नळीतला गोंद कौलाच्या तुकड्यावर घेतला आणि तो तुकडा भिंतीवर, माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर ठेवून आले. तिथे तो सुरेख बसला.

परत येऊन पालथी पडले आणि काही वेळाने माझ्या लक्षात आलं की गोंदाची नळी हातातून सुटली आहे. घाम नुसता वाहत होता, कोपरांवरून थेंब गळत होते, पण वाळत नव्हता. छाती धडधडायला लागली. गवत गालाला गारेगार लागत होतं आणि आतून मी शिजत होते. मी रांगत भिंतीपाशी गेले आणि तिला धरून उभी राहिले. उभी राहिल्यावर अंगाला वारा लागला आणि जिवात जीव आला.

तिथे उभ्याउभ्या मला त्या दोन मुली आठवल्या. खो-खोत एकजण पाठलाग करते आणि बाकीच्या आठ मधल्या पट्टीत उकिडव्या बसून असतात. आमच्या पडलेल्या दोघी पळणाऱ्या नव्हत्या. दोघी बसलेल्या होत्या. पट्टीतली पहिली जागा स्पृहाची असते. मी तिथूनच परकारांना फोन लावला.

परकार दुसऱ्याच दिवशी आले. त्यांनी गुडघ्याएवढ्या काठीवर दोन तापमापक बांधले; एक साधा, एक ओलं फडकं गुंडाळलेला. तशीच जोडी पुरुषभर उंचीवर बांधली. आम्ही भिंतीवर बसून वाट पाहिली.

"साधा तापमापक हवा किती तापली ते सांगतो," ते म्हणाले. "ओला सांगतो की घाम वाळून माणूस किती गार होऊ शकेल. आपलं कातडं साधारण पस्तीस अंशांवर असतं. ओला तापमापक त्याच्या जवळपास पोहोचला की घाम नुसता गळतो. आतली उष्णता आतच राहते. मग माणूस कितीही धडधाकट असो, सावलीत असो, काही तासांचा प्रश्न. खेळत असेल तर मिनिटांचा."

वरचा ओला तापमापक तीस दाखवत होता. खालचा चौतीसला टेकला होता.

परकारांनी दोन्ही आकडे पुन्हा एकदा वाचून घेतले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते साधं होतं आणि भयंकर होतं. ऊन कुठे नाहीसं होत नाही. पूर्वी त्याचा चटका व्हायचा, आता वाफ होते. पूर्वी गवत तापायचं, त्यावरची हवा हलकी होऊन वर जायची आणि तिच्या जागी समुद्राकडून वारा आत यायचा. आता गवत गार, त्यावरची हवाही जरा गार, म्हणून जड, म्हणून जागची हलत नाही. भोवती जांभ्याची भिंत आणि हिरवी जाळी. सगळी वाफ त्या खड्ड्यात, कमरेएवढ्या उंचीपर्यंत, तुंबून राहते. उभ्या माणसाला पत्ताही लागत नाही.

"मी जमीन मोजली," ते म्हणाले. "हवा मोजली ती उंच खांबावर. वेधशाळेची पद्धत तीच आहे. मुली खाली बसतात हे मला माहीत होतं, ताई. लहानपणी मीही खेळलोय. पण डोक्यातच आलं नाही."

"माझ्याही नाही आलं. आता आलंय ना, मग उठा."

आम्ही दोघे तसेच मंडळाचे कार्यवाह मयेकर यांच्याकडे गेलो. मयेकर वाईट माणूस नाही. तो फक्त घाईत असलेला माणूस आहे. परकारांनी आकडे सांगितले, मी गोंद सांगितला आणि सामना सकाळी सातला घ्या म्हटलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि सकाळी सातचा सामना कोण बघणार ते आम्हाला विचारलं.

"गेलं वर्षभर पोरी दुपारच्याच खेळतायत की," ते म्हणाले.

"गेलं वर्षभर वारा होता," परकार म्हणाले. "या आठवड्यात पान हलत नाहीये. रविवारीही हलणार नाही."

"हे बघा, या मैदानाचा नियम आहे. बाई पाय टेकवतात आणि सांगतात. रविवारीही टेकवतील. बाई नको म्हणाल्या तर मी स्वतः सामना थांबवतो. मग तर झालं?"

नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. बाईंना आम्ही शुक्रवारी संध्याकाळी गाठलं. त्या पडवीत नाचणी पाखडत होत्या. परकारांना त्यांनी पाणी दिलं, चहाचं विचारलं आणि माझं बोलणं सूप न थांबवता ऐकलं.

"तुझा गोंद जुना असेल," त्या म्हणाल्या.

"नवा फोडला होता, बाई."

"परवाच उभी होते मी तिथे. पायाला नुसतं गार." सूप थांबलं. "एवढी वर्षं हे पाय खोटं बोलले नाहीत, आणि आता तू मला सांगतेस की बोलतायत?"

"पाय नाही, बाई. मैदान खोटं बोलतंय."

"ते मैदान तूच घातलंस ना गो?"

"हो. म्हणून मीच सांगतेय."

त्यांनी नाचणी पुन्हा पाखडायला घेतली. त्यांच्या लेखी बोलणं संपलं होतं. परतताना मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं. माझी आई मी शाळेत असताना गेली. मला साडी नेसायला, पोहायला आणि भांडायला याच बाईंनी शिकवलं होतं.

घरी स्पृहाच्या गालांचा फुगा आधीच फुगला होता. गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही.

"आई, निवड समिती येतेय. परत येणार नाहीये ती. तुझ्या गोंदाला फेस आला म्हणून मी घरी बसू?"

"तुला घरी बसवत नाहीये. दुपारी त्या पट्टीत बसू देणार नाहीये."

"बाई म्हणतायत खेळायचं. तू बाईंपेक्षा मोठी झालीस?"

"नाही," मी म्हणाले. "पण मला तू जिवंत हवी आहेस. राज्याच्या संघात असलीस तर फारच छान. नसलीस तरी जिवंत."

ती ताट तसंच ठेवून उठली. मी तिचं ताट झाकून ठेवलं, आणि ताटावर झाकण ठेवताना मला मैदान दिसलं.

शनिवारी उन्हं कलताना मी पावसाळ्यातल्या ताडपत्र्या बाहेर काढल्या. दिवसभराच्या उन्हाने साबुदाणा कोरडा ठणठणीत झाला होता आणि आता रात्री तो पाणी प्यायला तोंड उघडणार होता. मी आणि परकारांनी ताडपत्र्या अंथरल्या, एकावर एक कडा घेतल्या आणि कडांवर जांभ्याचे चिरे ठेवले, फट म्हणून राहू दिली नाही. स्वतःच्या शोधाच्या तोंडावर ताडपत्री ओढणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी चिरे माझ्यापेक्षा जास्त वाहिले.

मयेकर फेरी मारायला आले. चोरून काही करायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

"मैदान झाकतेय," मी त्यांना म्हणाले. "झाकलं की रात्री पाणी पिणार नाही. उद्या दुपारी तापेल, पूर्वीसारखं."

"झाका, झाका," ते फोन कानाला लावून म्हणाले. "धूळ बसता कामा नये. स्वच्छ दिसलं पाहिजे."

मी पुन्हा एकदा तेच सांगितलं. त्याहून जास्त सांगायची माझी जबाबदारी नव्हती.

रविवारी सकाळी ताडपत्र्या काढल्या. पाती चेपली होती, ती ब्रश मारून उभी केली. दुपारी एकला मैदान हिरवंगार, भिंतीवर माणसं, कॅमेरे लागलेले, दोन्ही संघ भेंडीच्या झाडाच्या सावलीत अनवाणी उभे. स्पृहा माझ्याकडे बघत नव्हती. वारा नव्हता.

बाई आल्या. चपला काढल्या, टाचा भिंतीला लावून. पहिल्याच पावलाला त्या थबकल्या. मी भिंतीपाशी होते. मला त्यांची बोटं आत वळलेली दिसली. मग त्या चालत राहिल्या, नेहमीच्याच चालीने, पट्टीपर्यंत. पाय जुळवले आणि श्वास घेतला.

त्या पाय उचलतील अशी माझी खात्री होती. तापल्या तव्यावर कोण उभं राहतं? पण बाईंचा हट्ट मी लक्षातच घेतला नव्हता. भिंतीवर सगळं गाव होतं, समोर निवड समिती होती, आणि परवा पडवीत त्या जे बोलल्या होत्या ते त्यांनाच गिळावं लागणार होतं. त्यांचा चेहरा ढिम्म होता. फक्त गळ्याची शीर ताठली होती. मयेकरांनी हसून पंचांकडे बघितलं.

मी चपला काढल्या आणि मैदानात गेले. पहिल्या पावलाला डोळ्यांत पाणी आलं. तशीच चालत गेले आणि बाईंच्या शेजारी, त्यांच्यासारखेच पाय जुळवून उभी राहिले.

"जा तू," ओठ न हलवता त्या म्हणाल्या.

"श्वास संपला, बाई."

"अजून आहे."

"मग माझाही आहे. तुम्ही आहात तोवर मी आहे."

तळव्यांची आग घोट्यापर्यंत चढली. मी दात आवळले. लहानपणी पोहायला शिकवताना बाई खाडीत माझ्या शेजारी अशाच उभ्या राहायच्या, मी बुडायला लागेपर्यंत हात न देता. आता त्यांनी मान वळवून माझ्या पायांकडे बघितलं. माझे पाय थरथरत होते, आणि मी ते लपवलं नाही.

बाईंनी पाय उचलला. आधी उजवा, मग डावा, आणि मग माझा दंड धरून मला जवळजवळ फरफटत कडेला आणलं.

"खेळ नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या. "पाय सोसत नाहीत. उद्या ऊन उतरल्यावर बघू."

एकदम कालवा झाला. मयेकर धावत आले, त्यांनी गवताला हात लावला आणि चटकन मागे घेतला. त्यांना दिलेला शब्द आठवला असावा, कारण त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पंचांना सामना थांबवायची खूण केली. निवड समितीच्या बाईंनी स्वतः बूट काढून पाऊल टाकून बघितलं आणि उद्यापर्यंत थांबायला त्या तयार झाल्या. स्पृहा दप्तर उचलून माझ्या अंगावरून तरातरा निघून गेली.

बाईंच्या पडवीत आम्ही दोघी एकाच घमेल्यात पाय सोडून बसलो. त्यांच्या तळव्यांना फोड आले होते, माझ्या नुसत्या लाल झाल्या होत्या टाचा. त्यांनी वाकून ओंजळभर पाणी माझ्या टाचांवर सोडलं.

"रात्री पाणी पिऊ दिलं नाहीस म्हणून तापलं?"

"हो."

"म्हणजे परवाही ऊन एवढंच होतं. मुलींच्या अंगावर एवढंच पडत होतं." त्यांचा आवाज फुटला. "आणि मी तिथे उभी राहून हसत होते गो."

मी त्यांचा हात धरला. त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. काही वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले आणि शिक्षकी आवाजात विचारलं, "रोज ताडपत्री घालणार आहेस?"

"परकार म्हणतात, भिंतीला झरोके पाडू, मण्यांचं प्रमाण बदलू. वेळ लागेल."

"तोवर?" त्यांनी घमेल्यातून पाय बाहेर काढले. "मी उभी राहते ना, तेवढा तुकडा काप. तिथे जुनं गवत घाल. साबुदाणा न घातलेलं. बाकी मैदान काय हवं ते बोलू दे. तो तुकडा तरी खरं बोलेल."

माझ्या शेडमध्ये जुन्या चादरीची गुंडाळी होती, उन्हाने विटलेली. त्याच दुपारी, कापडं गुंडाळलेल्या पायांनी, मी पट्टीच्या टोकाला, पहिल्या खुंटाजवळ, चौकोन आखला. पात्यांच्या मधून चाकू फिरवून तुकडा काढला आणि त्याखालचे मणी एकूण एक वेचून झाडले. नवीन ठिगळ लावताना पात्यांची दिशा आजूबाजूशी जुळवायची असते. ठिगळ ओळखू आलं तर आमच्या धंद्यात नाव जातं. मी मुद्दाम दिशा उलटी ठेवली. विटलेला, उलट्या पात्यांचा चौकोन भिंतीवरूनही दिसत होता. मैदान कोरडं होतं, गोंद मधासारखा बसला. वर चिरे ठेवले आणि घरी गेले. त्या रात्री ताडपत्री घातली नाही.

सोमवारी सामना चारला ठेवला होता. मैदान पोटभर पाणी प्यालं होतं आणि पायाला गारेगार लागत होतं. बाईंना खुर्चीवर बसवून आणलं होतं, दोन्ही पाय फडक्यात बांधलेले. त्यांच्याच्याने उभं राहवणार नव्हतं. मी पुढे व्हायला निघाले, तेवढ्यात स्पृहा संघातून बाहेर आली. कालपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती बाईंच्या खुर्चीपाशी वाकली, काहीतरी विचारलं, बाईंनी मान हलवली.

ती गार गवतावरून चालत गेली आणि विटलेल्या चौकोनात पाय जुळवून उभी राहिली. श्वास घेतला. अर्ध्यातच तिने पाय उचलला.

"अजून नाही," ती म्हणाली.

"अगं, बाजूला हात लावून बघ," मयेकर म्हणाले. "गार आहे सगळं. लोक बसलेत, समिती बसलीय."

"बाजूला गार आहे ते माहितीये, काका. बाजूचं मी विचारलंच नाही."

समोरच्या संघाच्या मुली कुजबुजल्या. आमच्या संघातली एक तिला हाक मारून म्हणाली, चल ना, वेळ जातोय. स्पृहा चौकोनाच्या कडेला उभी राहिली आणि हलली नाही. काही वेळाने पुन्हा आत गेली, पुन्हा पाय उचलला, पुन्हा तेच म्हणाली. परकारांची काठी पट्टीत रोवलेली होती. ते खाली वाकून वाचत होते आणि मान हलवत होते, नाही म्हणून.

सुरूच्या सावल्या लांब होत भिंतीवरून आत उतरल्या, खुंटापर्यंत आल्या, चौकोनावर पसरल्या. जाळीचं टोक जरासं हललं. स्पृहा तिसऱ्यांदा आत गेली. तिने श्वास घेतला आणि भिंतीपाशी मीही माझा धरून ठेवला. तिचा संपला तेव्हा तिचे पाय जागेवर होते. परकारांनी काठीवरून मान वर केली आणि हात दाखवला. तिने आधी बाईंकडे बघितलं, मग पहिल्यांदाच माझ्याकडे.

"या गो," तिने मुलींना हाक मारली, आणि पट्टीतल्या पहिल्या जागेवर सगळ्यांच्या आधी स्वतः खाली बसली.